एकच नग काढायचाय? मग आधी तो पकडायचा कुठे ते ठरवा

सीएनसी लेथवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या आणि जॉब (कापायचा तुकडा) फिरवून कापणाऱ्या मशीनवर, एखादा स्पेशल पार्ट बनवून घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो प्रोग्रामचा. प्रोग्राम कोण लिहिणार, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याला किती वेळ लागणार वगैरे. मी इतकी वर्षं हेच काम करतोय आणि माझं मत पक्कं होत गेलंय की एका नगाच्या कामात प्रोग्राम हा त्यातल्या त्यात सोपा भाग. खरं डोकं लागतं ते जॉब कुठे पकडायचा, एका पकडीत काय काय उरकायचं आणि मध्ये कुठे थांबून मोजायचं हे ठरवायला. हजार नगांची ऑर्डर असेल तर पहिले दोन-तीन नग सेटिंगमध्ये गेले तरी कुणी काही म्हणत नाही, पण एकच नग असला की पहिला तोच आणि शेवटचाही तोच, शिकायला दुसरा नग मिळत नाही. म्हणून आज एक पार्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा काढतो ते सविस्तर लिहितो.

पार्ट असा धरा. एक हब आहे. एका टोकाला ६० मिमी व्यासाची आणि १० मिमी जाडीची फ्लँज, म्हणजे रुंद चकती. तिला लागून ३० मिमी व्यासाची बेअरिंग सीट, त्यावर ६२०६ बेअरिंग बसणार, म्हणजे आतला व्यास ३०, बाहेरचा ६२, रुंदी १६. त्याच्या पुढे एम ३० बाय १.५ चे आटे, लॉकनट साठी. आणि आरपार १६ मिमीचं भोक. एकूण लांबी साधारण ४० मिमी. दिसायला अगदी साधा, कुणीही बघून म्हणेल की तासाभराचं काम. पण ड्रॉइंगवर सीटला के ६ लिहिलंय आणि भोकाला एच ७ (साइज कुठून कुठपर्यंत चालेल ते सांगणारे कोड), आणि वर भोक आणि सीट एकमेकांना ०.०२ मिमीच्या आत ट्रू, म्हणजे एकाच अक्षावर, हवेत असं लिहिलंय. बस, सगळं काम ह्या तीन गोष्टींत आहे, बाकी सगळं घासून काढणं.

३० मिमीला के ६ म्हणजे साइज ३०.००२ पासून ३०.०१५ पर्यंत. तेरा मायक्रॉनची जागा, मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग. बेअरिंगचं आतलं भोक नॉर्मल क्लासला ३०.००० ते २९.९९० मध्ये असतं, म्हणजे शाफ्ट नेहमीच बेअरिंगपेक्षा थोडा मोठा राहणार आणि आतली रिंग घट्ट बसणार. कमीत कमी २ मायक्रॉन, जास्तीत जास्त २५. यापेक्षा ढिलं झालं तर रिंग शाफ्टवर सरकायला लागते आणि सीट खाऊन टाकते, फार घट्ट झालं तर रिंग फुगते आणि बेअरिंगच्या आतली मोकळीक संपते. म्हणून पार्ट बनवून घ्यायला येणाऱ्याला मी आधी विचारतो की हे कशात बसणार, फिरतं कोण, लोड कुठून येतो. नुसतं "३० चा करा" म्हणून भागत नाही, कारण ३० चा म्हणजे कुठला ३० हे त्या उत्तरावर ठरतं.

आता पकड. पहिला विचार बहुतेकांचा असा असतो की आधी फ्लँजची बाजू फेस करू (टोक सपाट कापू), भोक मारू, मग उलटा करून सीट आणि आटे काढू. प्लॅन वाईट दिसत नाही, पण भोक एका पकडीत आणि सीट दुसऱ्या पकडीत झाली की मधे जॉब सुटलेला असतो, आणि तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या भागात, कडक जॉवर जॉब परत लावला की तो ०.०३, ०.०५ असा कितीही फिरू शकतो. ड्रॉइंग मागतंय ०.०२. मग तुम्ही डायल (जॉब किती डगमगतो ते सुईने दाखवणारं गेज) लावून ठोकत बसता आणि तरी मनात शंका राहतेच. त्यापेक्षा ज्या दोन गोष्टी एकमेकांना ट्रू हव्यात त्या एकाच पकडीत संपवायच्या. ६५ मिमीचा बार घ्यायचा, थोडा लांब, फ्लँजच्या मागचा भाग चकमध्ये धरायचा, आणि आटे, सीट, शोल्डर (सीट आणि फ्लँजमधली पायरी), फ्लँजचा बाहेरचा व्यास आणि आरपार भोक हे सगळं जॉब न सोडता काढायचं. मागे राहतो फक्त फ्लँजचा मागचा फेस, त्याला ट्रू असण्याशी फारसं देणंघेणं नाही, तो दुसऱ्या पकडीत.

यासाठी बार जास्त लागतो, चकमध्ये धरलेला तुकडा वाया जातो हे मान्य. पण एका नगाच्या कामात थोडं मटेरियल वाया घालवून जर खात्री मिळत असेल तर मी ती नेहमी घेतो. बाहेर किती काढायचा तर ४० चा पार्ट, मागच्या फेससाठी एक मिमी, पार्टिंग टूलचे (पार्ट बारपासून कापून वेगळा करणारं टूल) तीन मिमी आणि टूल जॉपासून लांब राहावं म्हणून थोडी जागा, असं मिळून ५५ च्या आसपास. ६५ च्या बारला ५५ बाहेर म्हणजे व्यासापेक्षा कमी, मोकळ्या टोकाला टेलस्टॉकच्या सेंटरचा आधार द्यायची गरजच नाही. लांबी वाढवताना मात्र जपून, कारण एका बाजूनं धरलेला जॉब किती वाकणार हे लांबीच्या घनावर असतं, लांबी दुप्पट केली तर वाकणं आठपट. साधारण व्यासाच्या तिप्पट पुढे गेलं की सेंटर लावायचा विचार करायचा.

मटेरियल सी ४५, मध्यम कार्बनचं स्टील. थंड ओढलेला चकचकीत बार मी अशा कामाला शक्यतो घेत नाही. त्याच्या कातडीत ताण भरलेला असतो, वरून माल काढला की तो सुटतो आणि जॉब हलतो, विशेषतः एका बाजूनं चावी-घाट (चावी बसायची खाच) मारला तर वाकलाच म्हणून समजा. गरम रोल केलेला, नॉर्मलाइज केलेला बार वरून काळा असतो पण वागायला शहाणा.

चकच्या प्रेशरबद्दल एक गोष्ट कमी बोलली जाते. स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, जोरात फिरायला लागला की जॉ बाहेरच्या बाजूला फेकले जायला बघतात आणि पकड कमी होते. म्हणजे उभं असताना जेवढ्या ताकदीनं जॉब धरलाय तेवढ्या ताकदीनं तो फिरताना धरलेला नसतो. आणि लेथवर आपण प्रोग्राममध्ये जी ९६ ही आज्ञा वापरतो, म्हणजे कटिंग स्पीड कायम ठेवून व्यासाप्रमाणे आरपीएम बदलायचे. हिशोब सोपा आहे, स्पीड गुणिले १०००, भागिले पाय (३.१४) गुणिले व्यास. १८० मीटर प्रति मिनिट धरलं तर ६५ व्यासावर साधारण ८८० आरपीएम, ३० वर १९१० आणि १६ वर ३५८० च्या आसपास. फेसिंग करत मध्याकडे गेलं की व्यास शून्याकडे जातो आणि मशीन आरपीएम वाढवतच राहणार, जिथपर्यंत जाऊ देऊ तिथपर्यंत. म्हणून प्रोग्रामच्या वरच्या भागातच जी ५० ने कमाल आरपीएम बांधून टाकायचे. ह्या जॉबला मी २५०० ला बांधतो. मग १६ च्या भोकात स्पीड १२५ मीटरवर येतो, थोडा कमी, पण चालतं. ती एक ओळ विसरलेला प्रोग्राम मला कुणी दाखवला तर बाकी काही न बघता मी परत पाठवतो.

टूल निवडताना रफिंगला, म्हणजे जास्तीचा माल काढायला, सीएनएमजी १२०४०८ इन्सर्ट (टूलवर बसवायचा कापणारा तुकडा). नावातच सगळं आहे, सी म्हणजे ८० अंशाचा चौकोन, १२ ही कडेची लांबी, शेवटचे ०८ म्हणजे टोकाचा रेडियस ०.८. फिनिशिंगला ५५ अंशाचं डीएनएमजी, टोक ०.४. आता हा टोकाचा रेडियस दोन ठिकाणी महत्त्वाचा. एक म्हणजे शोल्डरच्या कोपऱ्यात. टूलचा जो रेडियस तोच कोपऱ्यात उतरतो, आणि ६२०६ च्या आतल्या रिंगच्या कोपऱ्याचा रेडियस कमीत कमी १ मिमी असतो, त्यामुळे ०.४ चं टूल वापरलं की बेअरिंग शोल्डरला नीट टेकतं. उद्या कुणी हाताला सापडलं म्हणून १.२ चं इन्सर्ट लावलं तर बेअरिंग कोपऱ्यावर चढून बसेल आणि शोल्डरला टेकणारच नाही, आणि वरून बघून हे कुणाला कळणार नाही. दुसरं म्हणजे फिनिश. फीडचा (एका फेऱ्यात टूल किती मिमी सरकतं त्याचा) वर्ग भागिले आठ पट रेडियस, एवढी रेघांची खोली निघते. ०.१ फीड आणि ०.४ रेडियसला साधारण ३ मायक्रॉन, फीड ०.२ केला की तीच १२.५, म्हणजे चौपट. सीटवर रेघा खोल राहिल्या तर बेअरिंग दाबून बसवताना त्यांची टोकं चेपली जातात आणि मायक्रोमीटरवर दिसलेली साइज प्रत्यक्षात उरत नाही. म्हणून सीटवर फीडमध्ये घाई करायची नाही, तिथे वाचणारी दहा-पंधरा सेकंद काही कामाची नाहीत.

टूल जॉबला टच करून ऑफसेट (टूलचं टोक नेमकं कुठे आहे त्याची मशीनमधली नोंद) घेतले, जी ५४ ला (प्रोग्रामची मापं जिथून सुरू होतात) शून्य फेसवर घेतलं, की पहिल्यांदा प्रोग्राम हळू चालवायचा. स्क्रीनवरचं सिम्युलेशन बघून घ्या जरूर, पण त्या चित्राला तुमचे जॉ कुठपर्यंत आलेत आणि भोक आतून कापणारा बोअरिंग बार किती बाहेर काढलाय हे माहीत नसतं, तुम्ही सांगितल्याशिवाय. सिंगल ब्लॉक (एकेक ओळ चालवायची सोय) चालू, रॅपिड (न कापता सरकायचा वेग) २५ टक्क्यांवर, एक हात फीड होल्डवर (टूल थांबवायचं बटण) आणि स्क्रीनवर डिस्टन्स टू गो चं, म्हणजे अजून किती जायचंय त्याचं पान. मला ह्या पानासारखं भरवशाचं काही वाटत नाही. टूल जॉबच्या जवळ आलं की थांबवायचं आणि बघायचं, डोळ्यांना अंतर पाच मिमी दिसतंय आणि स्क्रीन सांगते अजून साठ जायचंय, तर ऑफसेट चुकलाय, पुढचं बटण दाबायचं नाही. दशांश बिंदू सुद्धा डोळ्यात तेल घालून तपासायचा, काही कंट्रोलवर एक्स ३० असं बिंदूशिवाय लिहिलं तर ते ३० मिमी न धरता ३० मायक्रॉन धरतात.

क्रम असा ठेवतो. आधी फेसिंग. फेस करताना मध्यभागी बारीक टोक उरलं तर टूलची उंची सेंटरला नाही असं समजायचं, ते तिथेच दुरुस्त करायचं, कारण तेच टूल पुढे व्यासावरही चुकीचं वागणार. मग सेंटर ड्रिल, १५ चं ड्रिल ४६ खोलीपर्यंत, म्हणजे पार्टिंगच्या जागेच्या पलीकडे. मग जी ७१ सायकलने (एकामागून एक कट आपोआप घेणारी आज्ञा) बाहेरचं रफिंग, एका बाजूला २ मिमी खोली, ०.२५ फीड, फिनिशिंगला व्यासावर एक मिमी माल ठेवून. मग आतलं रफ बोअरिंग. फिनिशिंगची कुठलीही गोष्ट ह्या सगळ्यानंतरच, कारण रफिंगमध्ये उष्णता पण निघते आणि मटेरियलमधला ताण पण सुटतो, दोन्ही होऊन जाऊ द्यायचं.

रफिंग चालू असताना चिपकडे बघत राहायचं. स्टीलची चिप निळसर, नऊ-सहाच्या आकड्यासारखी वळून तुटत असेल तर उत्तम, उष्णता चिपमधून बाहेर चाललीय. लांब सुतळीसारखी निघत असेल तर फीड किंवा खोली कमी पडतेय, इन्सर्टवरचा चिप तोडणारा खाचा कामालाच लागत नाहीये. अशा वेळी बरेच जण फीड अजून कमी करतात, नेमकं उलटं करायला पाहिजे. आणि ती गुंतलेली चिप हाताने ओढायची नाही, ग्लोव्ह घालून तर अजिबातच नाही, स्पिंडल थांबवा आणि हुकाने काढा. फिरत्या चकजवळ ग्लोव्ह म्हणजे हात आत ओढला जायची सोय, ह्यात मी कुणाशी वाद घालत नाही.

आता सीट, आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. टार्गेट ३०.००८, म्हणजे तेराच्या पट्ट्याच्या मध्यावर. लोक काय करतात, ३०.०५ पर्यंत आणतात आणि मग "आता फक्त चार शतांश घ्यायचेत" म्हणून बारीक कट मारतात. तो कट नीट लागतच नाही. कार्बाइड इन्सर्टची धार ब्लेडसारखी नसते, ती मुद्दाम थोडी गोल केलेली असते, काही शतांश मिमीच्या गोलाईची. त्यापेक्षा पातळ कट दिला की धार कापत नाही, घासते, माल बाजूला सरकवते, जॉब गरम होतो आणि साइज कधी निघते कधी नाही. शिवाय प्रत्येक कटला टूल आणि जॉब थोडे मागे सरतात, आणि ते किती सरतात हे कटच्या खोलीवर असतं. एक मिमीच्या कटला किती मागे सरलं ते मोजून तुम्ही चार शतांशच्या कटचा अंदाज बांधू शकत नाही.

म्हणून दोन्ही कट सारखे घ्यायचे. व्यासावर एक मिमी माल ठेवलाय ना, त्याचे अर्धा-अर्धा असे दोन कट. फिनिशिंग टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या मापात बारीक फेरबदल करायची जागा) एक्सला अधिक ०.५ टाकायचे आणि तोच फिनिशिंगचा प्रोग्राम, तोच स्पीड, तोच फीड चालवायचा. हिशोबाने ३०.५०८ यायला पाहिजे. समजा मोजल्यावर ३०.५२७ आलं. म्हणजे सगळं मिळून १९ मायक्रॉन जास्त राहतंय, त्यात टूलचं मागे सरणं आलं, ऑफसेट घेतानाची चूक आली, सगळं आलं, कारण शोधत बसायची गरज नाही. आता वेअर ऑफसेटमधून ०.५१९ कमी करायचे, म्हणजे तो उणे ०.०१९ होतो, आणि परत तोच प्रोग्राम. दुसरा कटसुद्धा तेवढाच खोल आहे, त्यामुळे टूल तेवढंच मागे सरणार आणि साइज जिथे हवी तिथे येणार. लेथवर एक्स व्यासात चालतो म्हणून ऑफसेटमध्ये व्यासाचाच फरक टाकायचा, अर्धा करायचा नाही. ही पद्धत मी नव्याने येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो. ह्यात नशिबाचा भाग जवळजवळ उरत नाही.

मोजताना मात्र घाई नको. स्टील एक अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. ३० व्यासाचा जॉब हाताला कोमट लागतोय, म्हणजे समजा २५ अंश जास्त गरम आहे, तर तो ९ मायक्रॉनने फुगलेला आहे. आपली जागा तेरा आणि उष्णतेचेच नऊ! गरम असताना ३०.००८ दिसलं म्हणून खूश व्हायचं आणि थंड झाल्यावर २९.९९९ बघायचं, असं नको असेल तर कूलंट सोडून ठेवा, थांबा, मग मोजा. मोजमापाचं मानक तापमान २० अंश आहे, पण शॉपमध्ये ते नसलं तरी एवढं करता येतं की जॉब, मायक्रोमीटर आणि ज्यावर मायक्रोमीटर शून्य केला तो मास्टर हे तिन्ही एकाच तापमानाला आहेत. तिन्ही स्टीलचे असतील तर बरीचशी चूक आपोआप कटते. मायक्रोमीटर ३० च्या स्लिप गेजवर (नेमक्या मापाचा ठोकळा) सेट करायचा, शून्यावर नाही, कारण आपल्याला ३० ला बरोबर हवाय.

आटे सीटच्या शेवटच्या कटच्या आधी काढतो, म्हणजे आट्यांची बर (कडेला उरलेली धार) आणि चिप तयार सीटवर घासत नाही. आट्यांच्या भागाचा बाहेरचा व्यास २९.८५ ठेवतो. ६ जी ला (आट्यांच्या साइजचा कोड) २९.७३२ ते २९.९६८ चालतो, आणि बेअरिंग आट्यांवरून सरकून सीटवर जाणार असल्यामुळे तो ३० च्या खाली असणं गरजेचंच आहे. आट्यांच्या मागे टूल बाहेर पडायला २७.७ व्यासाची खाच. आटे काढायच्या जी ७६ सायकलमध्ये आट्याची खोली एका बाजूला ०.९२, पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) ०.६१३ पट. सात कटमध्ये काढायची तर पहिला ०.३५, दुसरा ०.१४, तिसरा ०.११ असे कट कमी होत जातात, कारण टूल जसं खोल जातं तशी त्याची दोन्ही अंगं मालात रुततात आणि तेवढ्याच खोलीला जास्त माल कापावा लागतो. हा हिशोब सायकल स्वतः करते. आपण बघायचं ते एवढंच की जी ९७ लावून आरपीएम कायम ठेवलेत, इथे १०६० च्या आसपास, सगळे कट होईपर्यंत आरपीएमला हात लावायचा नाही, आणि टूल जॉबच्या पाच-सहा मिमी आधीपासून निघतंय म्हणजे झेड अक्षाला (जॉबच्या लांबीची दिशा) वेग पकडायला जागा मिळते. हेन्री मॉडस्ली यांनी १८०० च्या सुमारास लीड स्क्रू आणि बदलते गिअर लावून लेथवर एकसारखे आटे काढून दाखवले, त्या गिअरचं काम आता स्पिंडलवरचा एन्कोडर (फिरण्याचा कोन मोजणारा सेन्सर) करतो, प्रत्येक कट बरोबर त्याच कोनात सुरू करून देतो. पण जॉब चकमधून काढला की तो कोन गेला. म्हणून आटे मशीनवरच तपासायचे, गो आणि नो-गो रिंग गेजने (पहिलं बसलं पाहिजे, दुसरं बसता कामा नये), आणि घट्ट असेल तर तिथेच वेअर ऑफसेट देऊन परत सायकल चालवायची.

भोकाला रीमर (ड्रिलनंतर भोक नेमक्या साइजला आणणारं टूल) का नाही, असं बरेच जण विचारतात. १६ एच ७ चा रीमर सहज मिळतो आणि साइजही छान देतो. पण रीमर ड्रिलच्या मागे मागे जातो, ड्रिल जिकडे भरकटलं तिकडे तो पण. साइज मिळेल, जागा मिळणार नाही, आणि आपल्याला भोक सीटला ट्रू हवंय. बोअरिंग बार मात्र स्पिंडलच्या अक्षावर भोक काढतो, आधीचं वाकडं असलं तरी. बार १२ मिमीचा घेतला आणि ४५ बाहेर काढला तर व्यासाच्या पावणेचार पट होतो. स्टीलच्या बारला साधारण चार पट ही हद्द, त्यापुढे चॅटर (टूलची थरथर) यायला लागतो, मग कार्बाइडचा बार घ्या, तो सहा पटपर्यंत साथ देतो. इथेही सारखे दोन कट, मध्ये बोअर गेजने मोजायचं, टार्गेट १६.०००ते १६.०१८ च्या मध्यावर, १६.००९. एक सांगतो, त्याच ऑफसेटवर बार परत एकदा फिरवला तर तो अजून काही मायक्रॉन काढतो, कारण पहिल्या वेळी मागे सरलेला बार आता मोकळा असतो. त्यामुळे "साफ करायला" म्हणून उगाच जास्तीची फेरी मारू नका. मारायची असेल तर दोन्ही कटला मारा, म्हणजे हिशोब जुळतो.

सगळं मोजून झालं, सीट, भोक, आटे, शोल्डर, तेव्हाच पार्टिंग. त्याच्या आधी कोपरे ०.२ ने मोडून घ्यायचे, आणि डायलने सीट आणि भोक दोन्ही फिरवून बघायचे. एकाच पकडीतलं आहे म्हणून बघायची गरज नाही असं नसतं, चिप अडकून, बार हलून काहीही होऊ शकतं.

दुसऱ्या पकडीला सॉफ्ट जॉ, म्हणजे कापून हवा तो आकार देता येणारे मऊ जॉ. ॲल्युमिनियमचे लावतो, आणि ते मशीनवरच, चकमध्ये रिंग धरून, ज्या प्रेशरला जॉब धरायचाय त्याच प्रेशरला ३० ला बोअर करतो. असे कापलेले जॉ स्पिंडलशी ट्रू असतात कारण त्यांना त्याच स्पिंडलवर कापलेलं असतं. आतल्या बाजूला जिथे आटे येणार तिथे ३१ ला मोकळं करायचं, म्हणजे जॉ फक्त सीटवर धरतील आणि आट्यांना हात लागणार नाही. जॉचा पुढचा फेसही त्याच वेळी साफ करायचा आणि शोल्डर त्याला टेकवून धरायचं, मग मागचा फेस शोल्डरला आपोआप समांतर. कट हलके, अर्धा-अर्धा मिमी.

प्रेशर कमी ठेवायचं ते नुसतं सीटवर डाग पडू नयेत म्हणून नाही. ह्या हबची भिंत सात मिमीची आहे, ती टिकते, पण भिंत तीन-चार मिमीची असती तर तीन जॉनी तिला तीन ठिकाणी आत दाबलं असतं. दाबलेल्या अवस्थेत भोक गोल कापायचं, जॉब सोडायचा, भिंत परत उसळते आणि भोक त्रिकोणी होतं. आणि हा त्रिकोण मायक्रोमीटरला सापडत नाही! तीन कोपऱ्यांच्या आकाराचा व्यास समोरासमोर दोन टोकांत कुठूनही मोजला तरी जवळजवळ सारखाच येतो, एका बाजूला फुगवटा असला की बरोबर समोर सपाटी असते. तुम्ही जॉब फिरवून फिरवून मोजता, सगळीकडे तीच साइज, आणि बेअरिंग बसत नाही. असा जॉब व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) ठेवून डायलचं टोक भोकात लावून फिरवला की लगेच सुई नाचायला लागते. पातळ भिंतीच्या जॉबला म्हणूनच पूर्ण गोल मिठी मारणारे पाय जॉ (इंग्रजी pie, गोलाचे मोठे तुकडे असल्यासारखे रुंद जॉ) किंवा कोलेट (सगळीकडून आवळणारी नळी) वापरायचे, किंवा मग अक्षाच्या दिशेने फेसवरून दाबून धरायचं.

मटेरियल बदललं तर क्रम तोच राहतो, आकडे बदलतात. स्टेनलेस ३०४ असेल तर स्पीड कमी करायचा पण फीड फार कमी करायचा नाही, टूल घासत राहिलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट त्या कडक थराशी भांडतो. ड्रिल आत नेऊन नुसतं फिरवत ठेवणं तिथे सगळ्यात वाईट. ॲल्युमिनियम कापायला मऊ पण गरम झाल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट वाढतं, म्हणजे मोजायच्या आधी अजून धीर. आणि पार्टला नंतर हार्डनिंग करून ग्राइंडिंग होणार असेल तर सीटवर त्यासाठी माल ठेवायचा आणि के ६ च्या मागे लागायचंच नाही, ते काम ग्राइंडरचं.

पार्ट देताना मी सोबत मोजमापाचा कागद देतो, सीट, भोक, रनआउट (फिरताना किती डगमगतं ते), प्रत्यक्ष आलेले आकडे लिहून. आणि बसवणाऱ्याला सांगतो की बेअरिंग हाताने ढकलून बसतंय का हे बघू नका, बसायलाच नको आहे. बेअरिंग ८० ते ११० अंशांपर्यंत गरम करा, इंडक्शन हीटरवर, ज्वाळेवर नाही, ते आपसूक सरकून शोल्डरला टेकेल, थंड होईपर्यंत दाबून धरा आणि मग लॉकनट आवळा. हातोडीने ठोकायची वेळ आली तर थांबा आणि आधी त्या कागदावरचा सीटचा आकडा बघा, मग बेअरिंगचं भोक मोजा.